दृश्य सत्त्याऐंशी : शब्द बाकी

सोमवार, ३ मार्च

आजपासून ११ एप्रिलपर्यंत, जवळजवळ सहा आठवडे, बिनपगारी रजा. अर्जावर सही करताना साहेबांनी विचारलं, "चित्रपट? तुम्ही?" मी म्हटलं, फक्त आवाज. "मग हरकत नाही," म्हणाले. पडद्यावर दिसणार असते तर बहुधा हरकत होती.

माझं काम घरगुती यंत्रांचा आवाज मोजण्याचं. पंखे, मिक्सर, कपडे धुण्याची यंत्रं. यंत्र बंद खोलीत ठेवायचं, माइक एक मीटरवर, आकडा घ्यायचा, नोंदवहीत लिहायचा. इथेही नोंदवही ठेवणार आहे. सवय म्हणून. दुसरं कारण नाही.

दिग्दर्शक म्हणजे खारू. पाच ते दहा या वयात आम्ही शेजारी राहायचो. दोन्ही गालांत शेंगदाणे साठवून बोलायचा, म्हणून खारू. तो मला पट्टी म्हणायचा, कारण माझ्या दप्तरात कायम फूटपट्टी असायची आणि ती मी कशालाही लावायचे. नंतरच्या एकोणीस वर्षांत आम्ही तीनदा भेटलो. एक लग्न (तिसऱ्याच कुणाचं तरी), दातांच्या डॉक्टरकडची रांग, आणि एकदा बँकेच्या दारात, तो आत जाताना, मी बाहेर येताना. एकूण वेळ अंदाजे पन्नास मिनिटं.

गेल्या महिन्यात त्याचा फोन आला. "पट्टी, माझा साउंडवाला भांडून गेला. तुला आवाज कळतो ना?"

"मला गोंगाट कळतो."

"मग तूच बरोबर."

हो म्हणायला मला चार सेकंद लागले. विचार करायला चार सेकंद पुरत नाहीत.

मंगळवार, ४ मार्च

स्टुडिओ म्हणजे गाद्यांच्या दुकानामागची खोली. दुकान खारूच्या मामांचं. तेच निर्माते. न खपलेल्या गाद्या चारही भिंतींना उभ्या लावल्यात, शेजारच्या यंत्रांच्या खोलीकडची काच तेवढी मोकळी सोडून, एक छताला दोरीनं बांधली आहे. टाळी वाजवून पाहिली. घुमत नाही. आमच्या प्रयोगशाळेतल्या खोलीच्या जवळपास जाणारा निकाल आहे. मामांना तसं सांगितलं तर म्हणाले, "कापूस अस्सल आहे, पोरी. गिऱ्हाइकाला नाही कळलं, तुला कळलं."

एडिटर एक पन्नाशीच्या बाई आहेत. सगळे त्यांना ताई म्हणतात. चष्मा कपाळावर आणि दुसरा चष्मा नाकावर. मला वरपासून खालपर्यंत पाहून खारूला म्हणाल्या, "हीच का ती?"

खारू म्हणाला, "ही आवाजाची."

ताई म्हणाल्या, "बरं, बरं."

बुधवार, ५ मार्च

आज चित्रपट सलग पाहिला. मूक नाही, पण कच्च्या आवाजात.

कथा अशी. चौतिशीचा एक विमा कारकून स्वतःच्या मरणाची बातमी पेपरात छापून आणतो आणि घरात पांढऱ्या चादरीखाली पडून राहतो. हेतू एकच : लहानपणीची मैत्रीण शेवटचं बघायला येते का ते बघायचं. बघायचं म्हणजे ऐकायचं, कारण डोळे मिटलेले. एकेक जण येतो. शेजारी येतो तो उसनी दिलेली शिडी मागायला, आणि रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून प्रेताला नमस्कार करून शिडी घेऊन जातो. साहेब येतात ते कपाटाची किल्ली विचारायला. माणूस सगळं ऐकतो आणि चादरीखाली चडफडतो. ती येत नाही. शेवटी येते. ते दृश्य सत्त्याऐंशी.

मी दोनदा हसले. ताईंनी टिपून ठेवलं.

पटकथेत एक तथ्याची चूक आहे. तो तिला इतकी वर्षं विसरत नाही, कारण लहानपणी लपाछपीत तिच्यावर राज्य असताना तो लपला आणि ती शोधायला आलीच नाही, तशीच निघून गेली. हा प्रसंग माझ्या ओळखीचा आहे. समासात लिहिलं : "राज्य त्याच्यावर होतं."

खारूनं ते वाचलं. "काय गं हे?"

"तू मला बघून इस्टॉप म्हणालास. त्याच्या आधी मी धप्पा दिला होता. राज्य पुन्हा तुझ्यावर."

"आधी? आधी? पट्टी, माझा इस्टॉप पूर्ण झाला होता. तू पाठीवर हात नंतर मारलास. चिडकी!"

"रडीचा डाव तू खेळायचास."

ताई म्हणाल्या, "एकोणीस वर्षांनी? अरे, पंच बोलवा कुणीतरी."

म्हणजे त्याला वाटलं राज्य माझ्यावर, म्हणून तो लपला. मला वाटलं राज्य त्याच्यावर, म्हणून मी लपले. कोणीच कोणाला शोधलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी वडिलांच्या बदलीमुळे आम्ही गाव सोडलं. निव्वळ गैरसमज. तो इतका लांबवून चित्रपट काढण्यासारखं त्यात काय आहे, कळलं नाही.

सोमवार, १० मार्च

पावलांचे आवाज. चित्रीकरणात पायांचा आवाज नीट येत नाही, तो नंतर इथे वेगळा करावा लागतो. फरशीचा एक तुकडा, लाकडाची एक फळी, आणि पडद्याकडे बघत त्या लयीत चालायचं. शेजाऱ्याची पावलं मी मामांच्या चपलांनी केली. साहेबांची खारूच्या बुटांनी.

मैत्रीण जिना चढून येते, तिथे अडलं. तीन प्रकारच्या चपला वापरल्या. खारू प्रत्येक वेळी, "नाही. ती अशी चालत नाही."

"कशी चालते मग?"

"टाच आधी टेकवत नाही. आणि दर चौथ्या पावलाला जरा थांबते, मागचं दार नीट लागलंय ना बघतेय अशी."

ताई म्हणाल्या, "अरे, ही चालते तशी म्हण की सरळ."

मी माझ्या चपला घालून माझी चाल चालले. मुद्दाम स्वतःसारखं चालायला अकरा टेक लागले. अकराव्याला खारूनं मान डोलावली. पावलं चांगली आली आहेत. पातळी एकसारखी.

शनिवार, १५ मार्च

आईचा फोन. "कुणाबरोबर काम करतेस म्हणालीस? तो शेजारचा? गाल फुगवलेला? अगं बाई! एवढा मोठा झाला?"

"तोही एकोणतीसचा आहे, आई. मी आहे तेवढाच."

"तू मोठीच होतीस लहानपणापासून. आपण निघालो त्या सकाळी त्याची आई रडत होती बघ. म्हणाली, त्याला माहीतच नव्हतं हो तुम्ही चाललात ते. मी म्हटलं, असं कसं, आमच्या बाईसाहेबांनी आठवडाभर आधी सांगितलं असेल. सांगितलं होतंस ना?"

मी म्हटलं, आठवत नाही.

"आणि तू ट्रकमध्ये सरळ समोर बघत बसलीस. मान म्हणून वळवली नाहीस. तुझे बाबा म्हणाले, किती समजूतदार पोर."

लाईन खराब आहे असं सांगून ठेवला. लाईन चांगली होती.

बुधवार, १९ मार्च

दृश्य सत्त्याऐंशीला पोचलो. ती जिना चढते, चादरीजवळ येते, वाकते, त्याच्या कानात काहीतरी सांगते. कट. चादर. संपलं.

ती कॅमेऱ्याकडे पाठमोरी आहे, ओठ दिसत नाहीत. पटकथेत त्या ओळीच्या जागी फक्त दोन टिंबं. खारूला विचारलं, संवाद काय आहे?

"माहीत नाही."

"चित्रीकरणाच्या वेळी नटीनं काय म्हटलं?"

"एक ते वीस आकडे मोजले. मीच सांगितलं होतं, नंतर घालू म्हणून."

"चित्रपटाचा शेवटचा शब्द नंतर घालू?"

"तू शोध ना," तो म्हणाला. "आवाज तुझं खातं."

मामा गाद्यांच्या मधून डोकावले. "मी सांगतो. ती वाकते आणि म्हणते, ऊठ मेल्या! बास. शब्दशः! थिएटर डोक्यावर घेतील." स्वतःच इतके हसले की खोकला लागला. ताईंनी पाणी दिलं. खरं सांगायचं तर वाईट नाही. पण खारू म्हणाला, "मामा, मग ते प्रहसन होईल." मामा म्हणाले, "मग मी काय गाद्या विकून रडगाणं काढतोय? माणूस मरू दे, पण लोक हसू दे."

यादीत लिहिलं : दृश्य ८७. शब्द बाकी. मिक्सिंगची शेवटची तारीख आठ एप्रिल.

सोमवार, २४ मार्च

आजवर करून पाहिलेले पर्याय : "ऊठ मेल्या." "उशीर झाला." त्याचं नाव. नुसता उसासा. ताईंनी "धप्पा" सुचवला. नटीनं येऊन तो फार छान म्हटला, मामांचे डोळे पाणावले. खारूनं डोकं धरलं. "इतकं गोड मला पचत नाही. याच्यानंतर लोक घरी जाऊन एकमेकांना मिठ्या मारतील."

नटी दुसऱ्या चित्रपटासाठी बाहेर निघून गेली. दोन तारखेनंतरच परत येईल.

जेवणाच्या सुटीत खारू म्हणाला, भांडण एकदाचं मिटवू. आम्ही दोन माइक लावले. तो "इस्टॉप" म्हणणार, मी त्याच्या पाठीवर हात मारून "धप्पा". पाच वेळा केलं. आलेख मोठा करून पाहिला. तीनदा तो आधी, दोनदा मी. सर्वांत मोठा फरक दोन फ्रेमचा, म्हणजे सेकंदाच्या बाराव्या भागाइतका. निष्कर्ष काढता येत नाही.

"बघ," तो म्हणाला, "म्हणजे तुझंही चुकलं नव्हतं." आणि वर, "खरं सांगू? मला राज्याचं काही नव्हतं गं. तू विसरलीस याचं होतं. माझा सगळा पिक्चर त्याच्यावर उभा आहे. की ती विसरून निघून गेली, आणि हा बसला."

त्यानं हे अगदी सहज सांगितलं, पाव खाता खाता. माझ्या हाताला त्याची पाठ पाच वेळा लागली, तेवढीच नोंद. जेवून मी पुन्हा शिडीच्या आवाजाकडे वळले.

शनिवार, २९ मार्च

प्रयोगशाळेत नियम आहे. चुकीची नोंद खोडायची नाही, फाडायची नाही. तिच्यावर एक सरळ रेघ मारायची, खालचं वाचता यायला हवं, बाजूला सही करून खरं मोजमाप लिहायचं.

५ मार्चच्या नोंदीत "म्हणून मी लपले" असं आहे. त्या तीन शब्दांवर आज रेघ मारली. सही केली.

खरं असं. मी लपले नाही. भांडण झाल्यावर तो पळाला आणि मी त्याच्या मागून चालत गेले. घरांमागे सुताराचं आवार होतं, तिथे भिंतीला जुनी दारं टेकवून ठेवलेली असायची. दारांच्या आडून त्याच्या निळ्या चपलेचं टोक दिसत होतं. श्वास ऐकू येत होता. तो हसू दाबत होता. मी तिथून तीन मीटरवर उभी होते. इस्टॉप म्हणायचं, नाव घ्यायचं, एवढंच काम होतं.

आठवडाभर मला माहीत होतं की सकाळी ट्रक येणार आहे. त्याला सांगितलं नव्हतं. सांगणार होते त्याच दिवशी, मग त्या इस्टॉपवरून भांडण झालं.

मी उभी राहिले. मग घरी गेले आणि माझी पुस्तकं खोक्यात भरली. दिवे लागल्यावरही तो तिथेच होता, हे त्याची आई त्याला हाका मारत फिरत होती त्यावरून कळलं. मी खिडकीतून ऐकत होते. कुठे आहे ते मला माहीत होतं. सांगितलं नाही.

त्याच्या चित्रपटाचा पाया, की ती विसरली, चुकीचा आहे. दिग्दर्शकाला हे कळवणं तांत्रिकदृष्ट्या माझं काम आहे. कळवल्यावर तो माझ्याशी बोलेल का, हा वेगळा प्रश्न. त्याचं उत्तर माझ्याकडे नाही आणि मला ते हवंही नाही, असं लिहिलं होतं. या वाक्याच्या दुसऱ्या भागावरही रेघ मारली आहे.

बुधवार, २ एप्रिल

नटी अजून आलेली नाही. ताई म्हणाल्या, "तू म्हणून ठेव काहीतरी. जागा भरायला. ती आली की तिचा आवाज घालू." असा कामचलाऊ आवाज नेहमीच ठेवतात.

मी गाद्यांच्या आत, माइकसमोर. खारू आणि ताई काचेपलीकडे. टॉकबॅकचं बटण दाबलं की त्याचा आवाज माझ्या हेडफोनमध्ये येतो. "काहीही म्हण, पट्टी. वाकल्यासारखी म्हण."

पडद्यावर ती जिना चढली, माझ्या पावलांनी. वाकली.

मी म्हटलं, "दिसला होतास मला. तेव्हाच."

मग बटणाचा टक् असा आवाज. "हे पटकथेत कुठून आणलंस?"

"सुताराच्या आवारातून. दारांच्या मागून. निळी चप्पल."

पुन्हा टक्. पण आवाज आला नाही. बटण दाबून तो नुसता बसला होता, त्याच्या खोलीतला पंखा मला ऐकू येत होता. मग म्हणाला, "मग नाव का नाही घेतलंस?"

"घेतलं असतं तर तू आउट झाला असतास."

"मग?"

"मग खेळ संपला असता. आणि सकाळी ट्रक होता. तू आउट झाला नाहीस तर, म्हणजे, संपला नाही असं झालं असतं." वाक्यरचना बरोबर नाही, पण असंच म्हणाले.

"मी रात्री नऊपर्यंत बसलो होतो, पट्टी. बाबांनी कानाखाली दिली."

"माहीत आहे. खिडकीतून ऐकली."

तो उठून बाहेर गेला. ताईंनी दोन्ही चष्मे काढले. रेकॉर्डिंग सुरूच होतं, त्यांनी थांबवलं नव्हतं. मी काचेपलीकडे जाऊन ते थांबवलं. फाइलला नाव दिलं : ८७, कामचलाऊ, टेक १.

अर्ध्या तासानं पुढे दुकानात गेले. खारू नमुन्याच्या डबल गादीवर आडवा होता, गादीवरचं प्लास्टिक तोंडावर ओढून. एक जोडपं गादी बघायला आलं होतं. बाईंनी मामांना विचारलं, "पाठीला कशी आहे?" प्लास्टिकखालून खारू म्हणाला, "कडक आहे. घेऊ नका." मामा माझ्याकडे बघून म्हणाले, "काय केलंस गं याला? गिऱ्हाईक घालवतोय."

मी शेजारी उभी राहिले. तो उठला नाही. मी काम असल्याचं सांगून आत गेले. काम नव्हतं.

शनिवार, ५ एप्रिल

खारू तीन दिवस आलेला नाही. फोन बंद. मामा दर तासाला येऊन विचारतात, "आला का?" मी प्रत्येक वेळी दाराकडे बघते, मगच नाही म्हणते.

माझ्या मते परिणाम अपेक्षित होता. खरी माहिती दिली की गृहीतक कोसळतं. झोप नेहमीपेक्षा दोन-तीन तास कमी लागते आहे, ते बहुधा गाद्यांमधल्या धुळीमुळे.

नटी आली. माझीच ओळ तिला दिली. तिनं फार चांगली म्हटली, आवाज जरा कापत होता. ताईंनी दोन्ही टेक पाठोपाठ लावले आणि म्हणाल्या, "तिच्यात माफी आहे. तुझ्यात नुसती माहिती आहे. जसं कुणी सांगावं, दूधवाला येऊन गेला."

"मग तिचाच घ्या."

"वेडी आहेस? तुझा राहील. ज्याला ऐकायचंय त्याला माहितीत ऐकू येतं." आणि शेंगदाण्याचा पुडा माझ्याकडे सरकवून, "तुमचं काय ते मला कळलं नाही असं समज. खा."

संध्याकाळी खारूचा निरोप आला. फक्त तीन शब्द : "८७ तसंच ठेव."

ठेवलं.

मंगळवार, ८ एप्रिल

मिक्सिंग पूर्ण. तो आला, कालही आला होता. फक्त कामाचं बोललो. शिडी जरा कमी कर. किल्ली जरा वाढव. सत्त्याऐंशी लागलं तेव्हा तो आवाज कमीजास्त करायच्या फेडरवर बोट ठेवून बसला, पण हलवलं नाही. ओळ झाल्यावर चादरीवर पूर्ण शांतता हवी म्हणाला. मी तीन सेकंद ठेवली. "चार कर," म्हणाला. चार केली. जाताना दार माझ्यासाठी धरून उभा राहिला. हे तो सगळ्यांसाठीच करत असेल.

शुक्रवार, ११ एप्रिल

पहिला खेळ, भाड्याचा लहान हॉल, नव्वद माणसं. मामांनी दुकानाची सगळी जुनी गिऱ्हाइकं बोलावली होती. मी मागच्या रांगेत, आवाजमापक मांडीवर. खारू शेजारच्या खुर्चीत येऊन बसला. पुढे जागा रिकामी होती तरी.

शिडीला हशा. किल्लीला हशा. पावलं जिना चढू लागली तसा हॉल गप्प झाला. मला माझी चाल नव्वद लोकांबरोबर ऐकताना बसल्या जागी पाय आखडून घ्यावेसे वाटले. ती वाकली.

"दिसला होतास मला. तेव्हाच."

सबंध हॉल फुटला. त्या माणसाची सारी यातायात, पेपरातली बातमी, चादर, शिडी, आणि ही बया थंडपणे सांगते की दिसला होतास. मामांचा आवाज सगळ्यांत वर होता. सत्त्याऐंशी डेसिबल, दृश्याच्या आकड्याशी योगायोग. माझी चार सेकंदांची शांतता हशाखाली पूर्ण गाडली गेली. ज्या वाक्याला मी एकोणीस वर्षं हात लावला नव्हता त्यावर लोक खुर्च्यांचे हात बडवत होते, आणि मीही हसत होते हे आकडा वाचता येईना तेव्हा कळलं. मापक हलत होता.

खारू हसत नव्हता, पण त्याच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला अंधारात नोंदवता आलं नाही. तो माझ्याकडे वाकून काही म्हणाला. एवढ्या गोंगाटात शब्द कळणं शक्य नव्हतं.

"काय?"

"म्हटलं, उद्या काय करतेयस?"

"उद्या मला कामावर रुजू व्हायचंय. शनिवार चालू असतो आमच्याकडे. बारा पंखे आलेत."

"आणि परवा?"

"परवा रविवार आहे," मी म्हटलं.

त्यानं मान हलवली, "बरं," म्हणाला आणि पडद्याकडे वळला. नावं वर सरकत होती.

वस्तुस्थिती म्हणून सांगितलं होतं. ते उत्तरही होतं, हे घरी येऊन चपला काढताना लक्षात आलं. दुरुस्ती केलेली नाही.